वहीतली शुगर नॉर्मल, मीटरमधली ३४०: टाइप १ डायबेटिस आणि वयात येणारी मुलं

डायबेटिस असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची शुगरची वही समोर आली की काही गोष्टी लगेच नजरेत भरतात. तीन आठवड्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. उपाशीपोटी ११२, १०८, ११८. जेवणानंतर १३८, १४२, १३५. कुठे खाडाखोड नाही, पानावर रक्ताचा एखादा ठिपकाही नाही. मग ग्लुकोमीटर मागितला जातो, त्याची मेमरी बघितली जाते. तिथे आठवड्याला जेमतेम दोन रीडिंग, आणि त्यातलं एक ३४०. आई कपाळाला हात लावते, बाबा म्हणतात "बघा, घरी पण असंच चालतं." मूल मान खाली घालून बुटाच्या लेसशी चाळा करत बसतं.

डायबेटिस असलेल्या मुलांच्या आहाराचं काम करताना मी अशा वह्या वारंवार पाहते, आणि त्यात मला लबाडी दिसत नाही. ते ११२ म्हणजे त्या मुलाने घरात विकत घेतलेली शांतता असते. खरा आकडा सांगितला की काय खाल्लंस, कुठे खाल्लंस, कितीदा सांगायचं अशी उलटतपासणी सुरू होते. खोटा आकडा सांगितला की जेवण गोडीगुलाबीत पार पडतं. मूल दोन्हीतलं दुसरं निवडतं. म्हणून मुलाची शुगर ताब्यात आणायची असेल, तर आधी आकड्यावरून त्याला बोल लावणं थांबवावं लागतं. हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. मुलांमध्ये प्रामुख्याने दिसणारा डायबेटिस टाइप १ असतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी, आळसाशी, आईने गरोदरपणात काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध नाही. आजोबांना असतो तो टाइप २, तो वेगळा. टाइप १ मध्ये इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं आणि ते आयुष्यभर. आंतरराष्ट्रीय डायबेटिस महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात टाइप १ असलेली वीस वर्षांखालची मुलं सुमारे २ लाख २९ हजार आहेत, जगात सर्वांत जास्त. तरीही "एवढ्याशा पोराला शुगर?" हा प्रश्न अजून प्रत्येक कुटुंबाला ऐकावा लागतो.

जगात इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते एका किशोरवयीन मुलालाच. लेनर्ड थॉम्पसन, वय १४, टोरांटोच्या रुग्णालयात जानेवारी १९२२ मध्ये. तेव्हा त्याचं वजन तीस किलोही नव्हतं. त्याआधी या आजारावर उपाय म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणं, आणि शेवट ठरलेला. इन्सुलिनवर लेनर्ड आणखी तेरा वर्षं जगला. आज नीट उपचार घेणारं मूल म्हातारपणापर्यंत चांगलं आयुष्य जगू शकतं. जगण्याचा प्रश्न सुटला, आणि त्यामुळेच रोज कसं जगायचं हा प्रश्न आता पुढे आला आहे.

एका दिवसाचं काम

नववीतल्या मुलीचा साधा दिवस बघा. सकाळी उठून बोट टोचायचं. नाश्त्याला पोहे आहेत की उपमा, किती वाटी, त्यात कार्बोहायड्रेट किती याचा अंदाज घ्यायचा, त्यावरून इन्सुलिनचे युनिट ठरवायचे, इंजेक्शन घ्यायचं. शाळेत डबा खाण्याआधी पुन्हा तेच. पीटीचा तास असेल तर शुगर खाली जाईल म्हणून आधी काहीतरी खायचं. आणि ऐन वेळी गणिताच्या बाईंनी पीटीचा तास घेतला, तर ते खाल्लेलं वर चढणार. क्लासला जाताना मैत्रिणी वडापाव घेतात, तेव्हा हिने मनातल्या मनात पावाचा हिशेब करायचा. रात्री दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन वेगळं. दिवसाला किमान चार इंजेक्शनं, चार-सहा वेळा बोट टोचणं. यात रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, दहावीची परीक्षा आहे म्हणून सवलत नाही. आणि सगळं बरोबर केलं तरी आकडा बरोबर येईलच याची हमी नाही.

ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त खचवते. अभ्यास केला की मार्क मिळतात, हे मुलांना माहीत असतं. इथे अभ्यास करूनही नापास व्हायला होतं, तेही का ते न कळता.

या वयात तर ते होणारच. वयात येताना शरीरात वाढीचं संप्रेरक आणि इतर संप्रेरकं जोमाने काम करतात आणि ती इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. दहा वर्षांच्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पाऊण ते एक युनिट पुरत असेल, तर वयात येताना ते एकाच्या वर, कधी कधी दोनपर्यंत जाऊ शकतं. काही मुलींना पाळीच्या आधीचे दिवस शुगर चढलेलीच दिसते. म्हणजे तेच जेवण, तोच डोस, आणि आकडा मात्र ९० ने जास्त. घरातले म्हणतात, "चोरून काहीतरी खाल्लं असणार." त्याने काही खाल्लेलं नसतं. डोस वाढवायची वेळ आलेली असते, एवढंच.

याला भक्कम पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर वर्षानुवर्षं चाललेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले. त्यात १३ ते १७ वयाची मुलंही होती. काटेकोर उपचारांच्या गटात मोठ्यांच्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच पद्धतीचे उपचार आणि तितकीच देखरेख मिळूनही किशोरांची ८ च्या आसपास राहिली. एवढी निवडक मुलं, इतकं लक्ष, तरीही एक टक्क्याचा फरक. मग ज्या घरात शुगर तपासायच्या स्ट्रिप मोजून वापराव्या लागतात, तिथल्या मुलाला ८.४ आल्यावर "तुला तुझ्या जिवाची काळजीच नाही" असं म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

राग खरा की शुगरचा?

शुगर आणि मन यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. शुगर ७० च्या खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडायला लागतं आणि शरीर अॅड्रेनालिन सोडतं. हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, आणि मूल अचानक चिडतं किंवा रडायला लागतं. हुबेहूब घाबरल्यासारखं. अशा वेळी वाद घालायचा नाही, समजूतही काढत बसायचं नाही. साधारण तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल नीट गिळू शकत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडातून काही न देता डॉक्टरांनी लिहून दिलेलं ग्लुकागॉन, म्हणजे शुगर वाढवणारं औषध, द्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

शुगर बराच वेळ वर राहिली की चित्र वेगळं: जडपणा, सारखी तहान, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं, त्यामुळे अपुरी झोप आणि दिवसभर किरकिर. अभ्यासात लक्ष लागत नाही. उलट बाजूने, परीक्षेचा ताण किंवा घरातलं भांडण यांमुळे ताणाची संप्रेरकं वाढतात आणि ती शुगर चढवतात. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात रीडिंग बिघडलेली दिसली, तर त्यात नवल नाही.

पण हे कळल्यावर पालकांची एक वेगळीच चूक सुरू होते. मूल कशावरूनही चिडलं की "शुगर बघ आधी." बहिणीने न विचारता सायकल नेली म्हणून मुलगा ओरडतोय, आणि आई मीटर घेऊन समोर उभी! त्या मुलाचा राग खरा असतो, आणि तो ऐकून घेण्याऐवजी त्याच्या रक्ताची तपासणी होते. एका मुलीने मला सांगितलं होतं, "माझ्या घरात मला मूड नाही, फक्त रीडिंग आहे." शंका आली तर जरूर तपासावं, पण तपासून झाल्यावर "बरं, आता सांग काय झालं ते" हे वाक्य यायलाच हवं.

थकवा, भीती, आणि त्यापुढचं

या सगळ्या ओझ्याने येणाऱ्या मानसिक थकव्याला डॉक्टर डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. १९९० च्या दशकात तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार झाली; आता किशोरांसाठी वेगळी आहे. मूल एरवी हसतं-खेळतं असतं, क्रिकेट बघतं, मित्रांमध्ये रमतं. पण डायबेटिसचा विषय निघाला की चेहरा पडतो. मीटर हरवतो, इंजेक्शन "विसरतं", फॉलोअपच्या दिवशी पोट दुखतं. हे डिप्रेशन नाही. आजार सांभाळून जीव मेटाकुटीला आलाय, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर गोळी लागत नाही. काम वाटून घेणारं आणि बोल न लावणारं माणूस लागतं.

भीतीचं वेगळं. एकदा रात्री शुगर ४५ झाली, झटके आले, घरात धावपळ झाली, की ती रात्र मूल विसरत नाही. मग ते झोपण्याआधी मुद्दाम जास्त खातं किंवा इन्सुलिन कमी घेतं, म्हणजे शुगर वरच राहावी. बाहेरून बघणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात ते मूल सर्वांत जास्त काळजी करत असतं. "तुला रात्री लो होण्याची भीती वाटते का?" असं कुणी विचारलं, तर बहुतेक मुलं पटकन हो म्हणतात. अडचण एवढीच, की विचारलं जात नाही.

डिप्रेशन हे याहून वेगळं आणि गंभीर. त्यात उदासी डायबेटिसपुरती राहत नाही, सगळ्यावर पसरते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प गप्प आहे, आवडत्या गोष्टीतही मन रमत नाही, झोप आणि भूक बदलली आहे, "माझ्यामुळे तुमचा किती खर्च होतो" असं काहीबाही बोलतंय, तर थांबू नका. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याकडे फार कानाडोळा होतो. स्ट्रिप, अंगावर लावून शुगर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन यांच्या बिलावरून आई-बाबांची रात्री चाललेली कुजबुज पलीकडच्या खोलीत ऐकू जाते, आणि मूल स्वतःला ओझं समजायला लागतं.

आणखी एक गोष्ट विशेषतः मुलींच्या, पण मुलांच्याही पालकांनी माहीत करून घ्यावी. निदान होण्याआधी वजन झपाट्याने उतरलेलं असतं. इन्सुलिन सुरू झाल्यावर ते भरून येतं, आणि नेमकं त्या वयात आरशासमोर उभं राहणं वाढलेलं असतं. काही मुलं मग वजनासाठी इन्सुलिन टाळायला लागतात. याचे परिणाम भयंकर असतात: रक्तात कीटोन नावाची आम्लं साचून काही तासांत जिवावर बेतू शकतं, आणि डोळे, मूत्रपिंडं यांचं नुकसान वेगाने होतं. वजन उतरतंय, तीन महिन्यांची सरासरी चढतेय, पुन्हा पुन्हा कीटोनमुळे ॲडमिट व्हावं लागतंय, आणि मूल सर्वांबरोबर जेवायचं टाळतंय, असं एकत्र दिसलं तर डायबेटिसचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही एकाच वेळी कळवा. घरच्या घरी दम देऊन हे सुटत नाही.

घरात

मुलाने बारा ओलांडली की घरात साधारण दोन प्रकार दिसतात. एक, "आता मोठा झालास, तुझं तू बघ" म्हणून सगळं अंगावर टाकून मोकळं होणं. दुसरा, मुलाच्या मागे पहारेकऱ्यासारखं उभं राहणं. सेन्सरची रीडिंग आता मोबाइलवर दिसतात, त्यामुळे बाबा ऑफिसातून मेसेज करतात, "२१० का?" मुलगा तेव्हा भूगोलाच्या तासाला बसलेला असतो. दोन्ही प्रकारांत शुगर बिघडते. मूल मोठं होईल तसं काम हळूहळू त्याच्याकडे द्यावं, पण अंग काढून घेऊ नये, हेच या क्षेत्रातले जाणकार आज सांगतात. मुलाने इंजेक्शन घ्यावं, आईने शेजारी बसून चहा प्यावा. मुलाने डोस ठरवावा, बाबांनी स्ट्रिपची डबी संपत आली की आणून ठेवावी. महिन्यातून एखादा दिवस सगळा हिशेब मोठ्यांनी करावा, मुलाला फक्त हात पुढे करायला सांगावं. हा एक दिवस मुलांना किती मोठा वाटतो, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न शुगरचा नको. मॅच काय झाली, डबा संपला का, सर आज काय म्हणाले, मग पाचव्या मिनिटाला शुगर. आकडा ऐकल्यावर चेहरा सांभाळायचा. २८० ऐकून "अरे देवा" निघालं, की पुढच्या वेळचा आकडा १४० येणार, फक्त वहीत. "सांगितलंस ते बरं झालं, आता किती युनिट घ्यायचे बघू" एवढंच म्हणायला जमलं, तर निम्मं काम झालं. सोपं नाही ते. रात्री तीनला गजर लावून मुलाचं बोट टोचणाऱ्या आईला शांत राहा म्हणून सांगणं मलाही जड जातं. तिचाही थकवा खरा असतो आणि तिलाही कुणीतरी एखादी रात्र पूर्ण झोपू द्यायला हवी. घरातलं धाकटं भावंडही विसरू नका. सगळ्यांचं लक्ष एकाच मुलाकडे जातं, हे त्याला कळत असतं.

मग येतात नातेवाईक. पंगतीत "हिला जिलेबी वाढू नका, शुगर आहे" असं मोठ्याने सांगणारी आत्या, आणि त्याच पंगतीत "एका तुकड्याने काय होतंय" म्हणणारे काका. गणपतीत मोदक खायचा की नाही हे त्या मुलीला आणि तिच्या डॉक्टरांना ठरवता येतं. हिशेबाने इन्सुलिन घेऊन एक मोदक नक्की खाता येतो. कारल्याचा रस, जडीबुटी, "इन्सुलिनची सवय लागते, बंद करा" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकून टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवलं तर मूल दगावू शकतं. इथे भिडेला जागा नाही, सरळ नाही म्हणायचं.

सर्वांत खोल जखम मात्र वेगळीच असते. मुलगी असेल तर निदानाच्याच आठवड्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "बाहेर बोलू नका, उद्या लग्नाचं बघायचंय." तेरा वर्षांची मुलगी हे ऐकते. त्या दिवसापासून ती टेबलावर ठेवलेलं इन्सुलिनचं पेन पाहुणे आले की कपाटात लपवायला शिकते, हळदीकुंकवाला बाथरूममध्ये इंजेक्शन घेते, मैत्रिणीकडे राहायला जायचं टाळते. लपवण्यात किती शक्ती जाते! टाइप १ असलेल्या स्त्रिया नोकरी करतात, लग्न करतात, योग्य देखरेखीखाली निरोगी बाळांना जन्म देतात. हे त्या मुलीला घरातल्या मोठ्या बाईने तोंडाने सांगायला हवं, आणि त्याच वेळी "लपवायचं काही कारण नाही" हेही.

शाळा आणि सोबती

शाळेने फार काही करायला नको असतं. वर्गात तपासू द्यावं, भूक लागली की खाऊ द्यावं, पाणी आणि लघवीसाठी विचारायला लावू नये, आणि शुगर लो झाल्यावर एकट्याला वर्गाबाहेर पाठवू नये. सीबीएसईने २०१७ पासून टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत शुगरच्या गोळ्या, फळं, सँडविचसारखं खाणं आणि पाण्याची छोटी बाटली सोबत ठेवायला परवानगी दिली आहे. उत्तर प्रदेशाने २०२३ मध्ये शाळांना तसे आदेश दिले. बोर्ड कुठलंही असो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना आणि परीक्षा केंद्राला वेळेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. परीक्षेच्या दिवशी दारावर वाद घालण्यात जो ताण येतो, तो शुगरवर उतरतोच.

सर्वांसमोर इंजेक्शन घेण्याचा संकोच मोठमोठ्यांनाही चुकत नाही. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला लहानपणापासून टाइप १ आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवल्यानंतर, २०२२ मध्ये तो याबद्दल जाहीरपणे बोलला. पुढच्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये त्याला इन्सुलिन कोर्टवर न घेता बाहेर जाऊन घ्यायला सांगितलं गेलं, तेव्हा त्याने उघड नाराजी व्यक्त केली. वसीम अक्रमचं उदाहरण बाबांच्या पिढीला आठवत असेल. निदानानंतरही तो इन्सुलिन घेत वेगवान गोलंदाजी करत राहिला.

पण खेळाडूंच्या गोष्टींपेक्षा जास्त उपयोग होतो तो टाइप १ असलेलं दुसरं मूल भेटण्याचा. अनेक शहरांतल्या डायबेटिस केंद्रांत अशा मुलांची शिबिरं किंवा मेळावे होतात, १४ नोव्हेंबरच्या आसपास तर हमखास, कारण जागतिक मधुमेह दिन आणि आपला बालदिन एकाच दिवशी येतात. तिथे जेवणाच्या वेळी सगळेच शर्ट वर करून पोटात पेन टोचत असतात. "तू किती घेतलेस?" "आठ. भात आहे ना." या बोलण्यात कुणी कुणाला सहानुभूती दाखवत नाही. आधी यायला तयार नसलेली मुलं निघताना एकमेकांचे नंबर घेऊन जातात. तुमच्या गावात असं काही नसेल, तर डॉक्टरांना सांगून त्याच वयाच्या एका तरी मुलाच्या घरच्यांशी ओळख करून घ्या.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना एक विनंती करा: पाच-दहा मिनिटं मुलाशी एकट्याशी बोला. मूल मनापासून जे बोलतं ते बहुतेक वेळा पालक खोलीबाहेर गेल्यावरच. आणि वर्षातून एकदा तरी मनाची तपासणीही व्हावी, जशी डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची होते. मानसोपचारतज्ज्ञ या उपचारांच्या चमूत असावा, ही आता जगभर मान्य झालेली पद्धत आहे.

मूल मरण्याबद्दल बोललं किंवा तसं लिहिलेलं सापडलं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका, इन्सुलिनचा ताबा त्या काळापुरता मोठ्यांनी घ्या आणि प्रत्येक डोस स्वतःच्या हाताने द्या. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८. फोन करताना मूल टाइप १ असून इन्सुलिनवर आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.